माळ्यावरचा व्हॅम्पायर

‘ताई, नमस्कार. माझं वय तीस, राहते फोंडा तालुक्यात, एका कॉलेजात शिकवते. घरात कोंकणी, वाचन मराठी आणि हे पत्र ज्या पुस्तकांबद्दल आहे ती इंग्रजी. चवथीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत “ट्वायलाइट” या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेचे चारही भाग सापडले. दहावीच्या पावसाळ्यात ते मी दोनदा वाचले होते, वीज गेली की मेणबत्ती लावून. प्रती फुटपाथवरच्या, नक्कल केलेल्या. दुसऱ्या भागात चार पानांवर नुसती महिन्यांची नावं होती, बाकी कोरी. छापायचं राहिलं असं समजून मी ती पेन्सिलीने स्वतःच भरून काढली होती! ऑक्टोबरच्या पानावर नायिका बेला बसने सिएटलला जाते आणि वाचनालयाचं कार्ड काढते. नोव्हेंबरात ती वडिलांना स्वयंपाक शिकवते. डिसेंबरात आईकडे फ्लोरिडाला जाऊन उन्हात बसते.

आता पंधरा दिवसांत चारही भाग परत वाचले आणि खूप राग आला. व्हॅम्पायर नायक एडवर्ड रात्री खिडकीतून येऊन बेलाला झोपलेली बघत बसतो. तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिची गाडी बिघडवून ठेवतो. हे मला गोड वाटलं होतं! विसाव्या वर्षी माझाही एक जण होता. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर तासन्‌तास उभा राहायचा, माझा फोन तपासायचा, “काळजी वाटते” म्हणायचा. दोन वर्षं मी त्यालाच प्रेम समजले. हे या पुस्तकांनी केलं का? आणि लाज अशी की इतका राग येऊनही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी वाचतच होते. नवरा हसतो. तेरा वर्षांची भाची चवथीला आली होती, तिने ट्रंक बघितली आणि आता “मावशी, मला दे” म्हणून मागे लागली आहे. देऊ, की रद्दीत घालू?’

— एक मावशी, फोंडा

बाय,

आधी रद्दीवाल्याला परत पाठव. बाकीचं सावकाश बोलू.

तुझ्या पत्रातली लाजेची ओळ पहिल्यांदा खोडते, कारण त्या गुन्ह्यात मीही सामील आहे. मी बार्देशातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. २००९-१० च्या सुमाराला नववी-दहावीच्या मुली एक जाडजूड पुस्तक वहीसारखं खाकी कव्हर घालून बाकाखालून फिरवायच्या. एकदा एका शिक्षिकेने ते पकडलं आणि माझ्या टेबलावर आणून आपटलं. म्हणाली, हे मुलींच्या हाती पडता कामा नये. मुलींच्या हाती पडू नये म्हणून मी ते घरी नेलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चार रात्रींत वाचून काढलं. तिसऱ्या दिवशी माशांचं हुमण आधी आटलं, मग करपलं. पाचव्या दिवशी ज्या मुलीचं होतं तिला गुपचूप परत केलं. पुढचे तीन भाग मी कुठून मिळवले ते विचारू नकोस.

या पुस्तकांची लेखिका स्टेफनी मेयर काही थोर गद्य लिहीत नाही. एडवर्ड किती देखणा आहे हे ती इतक्यांदा सांगते की शेवटी आपणच म्हणतो, पटलं बाई, पुढे चल. पण ताटकळत ठेवणं तिला बरोबर जमतं. जून २००३ मध्ये तिला स्वप्न पडलं होतं: रानातली मोकळी जागा, तिथे एक मुलगी आणि उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर बोलत बसलेत. तिने आधी तोच प्रसंग लिहून काढला. आज तो पहिल्या भागाचं तेरावं प्रकरण आहे आणि बाकीची गोष्ट त्याच्या मागे-पुढे रचलेली आहे. २००५ मध्ये पुस्तक आलं. पहिली बारा प्रकरणं त्या मोकळ्या जागेकडेच घरंगळत जातात, म्हणून ते हातातून सुटत नाही. त्यात तू पंधरा वर्षांची. सोप्यावर कुणा मुलाशी पाच मिनिटं बोलत बसलीस तर शेजारीण तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने तीनदा बाहेर येणार. अशा वयात दोघं जण जीवशास्त्राच्या वर्गात एका बाकावर बसतात आणि बोट लागलं तरी अंगातून वीज जाते, याहून जास्त काय हवं होतं तुला?

आणि पाऊस! गोष्ट घडते ते फोर्क्स गाव अमेरिकेच्या वायव्य टोकाला आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच. आपण तो चार महिन्यांत उरकतो, ते बाराही महिने थोडे थोडे भिजत राहतात. तू फोंड्यात, वीज गेलेली, भिंतीला ओल, बाहेर बेडूक. तुला त्या पुस्तकात शिरावं लागलंच नसेल, ते तुझ्याच अंगणात पडत होतं.

आता राग. तो योग्यच आहे. उलट तुझी यादी मला फार छोटी वाटली, म्हणून माझी भर. तिसऱ्या भागात बेलाचा मित्र जेकब तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि त्यात स्वतःचाच हात दुखावून घेते. हे तिच्या वडिलांना कळतं तेव्हा ते, म्हणजे गावचे पोलीसप्रमुख, जेकबलाच शाबासकी देतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा संताप एडवर्डवर झाला नाही, या बापावर झाला. एडवर्ड निदान राक्षस आहे, त्याला तेवढं निमित्त तरी आहे. हा माणूस आहे, मुलीचा बाप आहे, त्यातून पोलीस आहे, आणि मुलीचा हात सुजलेला असताना तो हसतो. मेयरबाईंनी हे विनोद म्हणून लिहिलंय आणि आपण पंधराव्या वर्षी त्याला हसलोही असू. आपल्या घरांतही असं हसू ऐकलेलं असतं ना.

दुसरी भर लांडग्यांची, कारण हा जेकब पुस्तकात लांडगा होतो. तो ज्या क्विल्यूट आदिवासी जमातीचा दाखवलाय ती खरीच आहे, ला पुश नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत राहते. लांडग्यांशी नातं सांगणारी त्यांची स्वतःची मूळकथा आहे. लेखिकेने तिच्यावर आपल्या मनाची कलमं केली आणि जगभर तीच त्यांची ओळख होऊन बसली. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या लोकांना बरोबर घेऊन खरं काय आणि पुस्तकातलं काय हे मांडून दाखवलं, तेव्हा कुठे थोडी दुरुस्ती झाली. दरम्यान खऱ्या क्विल्यूटांची चिंता वेगळीच होती: वस्ती समुद्राला लागून, त्सुनामीची टांगती तलवार. २०१२ मध्ये कायदा करून राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन त्यांना मिळाली, उंचावर सरकता यावं म्हणून. आपल्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. बाहेरून येणाऱ्या किती सिनेमांत गोंयकार म्हणजे गिटार घेतलेला नाहीतर बाटली घेतलेला माणूस असतो! उद्या कुणी आपल्या गावडा जमातीवर रात्री वाघ होण्याची गोष्ट लिहिली आणि ती कोटींनी खपली, तर आपण तिच्याकडे नुसती प्रेमकथा म्हणून बघू का?

पण तुझा खरा प्रश्न यातला नाही. तो फाटकाबाहेर उभा राहणाऱ्या मुलाचा आहे.

पुस्तकाने त्याला तिथे उभं केलं नाही. तो स्वतःच्या पायांनी आला होता. त्याने ही पुस्तकं उघडलीही नसतील. पुस्तकाने काय केलं ते मला असं दिसतं: तो आला तेव्हा त्याच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवलेली होती. मात्र ती खुर्ची एकट्या मेयरबाईंनी मांडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. अर्धं काम आपल्या ‘काळजी’ या शब्दानेच करून ठेवलं होतं. काय काय म्हणून वापरतो बघ आपण तो. आई तापात उशाशी बसते ती काळजी. बाबा कॉलेजची सहल रद्द करतात तीही काळजी. भाऊ मोबाइल हातातून घेतो, ‘तुझ्याच काळजीपोटी’. पहारा आणि माया एकाच शब्दात भरून आपण मुलींना वाढवतो, आणि मग विसाव्या वर्षी त्यांनी ती दोन्ही वेगळी ओळखावीत अशी अपेक्षा करतो. तू इंग्रजीत एडवर्ड वाचलास, पण मनात त्याचं भाषांतर मराठीत केलंस, आणि मराठीत त्याला शब्द तयार होता.

कायद्यालासुद्धा तेव्हा शब्द नव्हता. तू मेणबत्तीच्या उजेडात वाचत होतीस त्या पावसाळ्यात ‘पाठलाग’ हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हाच नव्हता. तो झाला २०१३ मध्ये, दंडसंहितेत ३५४-ड हे कलम घातल्यावर. आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ वं आहे. बाई स्पष्ट नको म्हणत असताना तिच्या मागे मागे जाणं, परत परत गाठणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हे त्यात येतं. जे ओळखायला देशाच्या कायद्याला २०१३ उजाडलं, ते पंधरा वर्षांच्या पोरीला आधीच का कळलं नाही म्हणून तिला झोडपू नकोस. (हे वाचणारी कुणी मुलगी आत्ता अशा फाटकाच्या आत अडकली असेल तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. मला पत्र लिहिण्याआधी तिथे फोन कर.)

आपल्या भुतांची रीत मला या बाबतीत जास्त बरी वाटते. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आणि इथे आपल्याकडे वेताळ म्हणजे देव, आमोण्याला त्याचं देऊळ आहे. त्याला वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. माझी आजी राखणदाराबद्दल असंच सांगायची: वेशीवरून फेरी मारतो, चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. पण दारात आला की तिथूनच मागे फिरतो. लहानपणी मी विचारलं होतं, तो आत का येत नाही? आजी म्हणाली, ‘त्याका कोणें आपयला?’ त्याला बोलावलंय कुणी? एडवर्डची वयाची शंभरी उलटली आहे, १९१८ च्या साथीत मरता मरता तो व्हॅम्पायर झाला, पण एवढी साधी गोष्ट त्याला कुणी शिकवली नाही.

मग हे सगळं दिसत असताना रात्री दोनपर्यंत कसं वाचवतं? अगं, आपण तर या कामात मुरलेले लोक. गावच्या उत्सवात ‘सौभद्र’ लागलं की अजून जाऊन बसतोच ना? १८८२ चं नाटक. अर्जुन खोटा यती होऊन घरात घुसतो, भोळा बलराम त्याच्या पाया पडतो, आणि सुभद्रेला त्याच्याच सेवेला ठेवतात. ती मनाने आधीच त्याची आहे हे खरं, तरी वेशांतर करून मुलीच्या घरात राहणारा पुरुष हा आज कुठल्याही बापाला चालणार नाही. पण पद सुरू झालं की मान डोलतेच. फरक एवढाच की नाटकाला आपण एकटे नसतो. शेजारी एखादी काकी पानाची पिचकारी सांभाळत पुटपुटत असते, ‘मेलो बघ, कसो बसला साधू जावन!’ संगीताचा आनंद आणि काकीची शेरेबाजी दोन्ही एकदम कानात जातात, आणि कुणीही कुणाला गप्प करत नाही. तू ट्वायलाइट वाचलंस तेव्हा पांघरुणात एकटी होतीस. शेजारी काकी नव्हती.

भाचीला आता ती काकी मिळू शकते. पुस्तक दे. तिने मागितलंय, आणि नाही म्हणालीस तर दोन दिवसांत ती फोनवर वाचून मोकळी होईल, तेही एकटी. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून ट्रंकेला कुलूप घालणं म्हणजे बेलाच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून हातात धरून बसणंच की. ते काम एडवर्डने करून झालंय.

देताना प्रस्तावना करू नकोस. ‘यातलं हे वाईट, ते वाईट’ असं आधी सांगितलंस तर ती पुस्तकाची बाजू घेईल आणि तुझ्याशी बोलणं बंद करेल, मीही तेच केलं असतं. तिला वाचू दे, प्रेमात पडू दे, दोन आठवडे एडवर्ड-एडवर्ड करू दे. मग नेवऱ्या लाटताना किंवा बसमध्ये, समोरासमोर नव्हे, दोघींचे डोळे दुसरीकडे असताना, ती इंजिनाची रात्र काढ. त्या प्रसंगात पुढे काय होतं आठवतं ना? एडवर्ड म्हणतो, मी आज येऊ नये असं वाटत असेल तर खिडकी बंद कर, मी समजेन. ती रागाने धाडकन खिडकी लावते. आणि थोड्या वेळाने उसासा टाकून पुन्हा सताड उघडते. भाचीला एवढंच विचार: तिने खिडकी उघडली नसती तर? मग गप्प बस. ती जे म्हणेल ते ऐक. कदाचित ती म्हणेल, पण पुढे एडवर्ड सुधारतो, तिला जाऊ देतो. ते खरं आहे, त्याच भागात तो नमतं घेतो. मान्य कर. तुझ्यापेक्षा ती बारकाईने वाचत असेल तर त्यात वाईट काय? आणखी रंगात आली तर तिला सांग की लेखिकेनेच २०१५ मध्ये ही गोष्ट उलटी करून लिहिली, मुलगी व्हॅम्पायर आणि मुलगा माणूस. खिडकीतून येणारी मुलगी असेल तर प्रसंग कसा वाचला जातो, हा खेळ घरीच नावं बदलूनही खेळता येतो, आणि तेरा वर्षांच्या मुली त्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

दोन ठिकाणी मात्र मी मागे सरून बसणार नाही. दुसऱ्या भागात एडवर्ड सोडून गेल्यावर बेला मुद्दाम जीव धोक्यात घालते, मोटरसायकल, कड्यावरून उडी, कारण तसं केलं की तिला त्याचा आवाज ऐकू येतो. पुस्तक याला प्रेमाची खोली समजतं. तिथे तू सरळ बोल, आडून नको: असं वाटू लागलं तर ते प्रेम नसतं, आजारपण असतं, आणि तेव्हा मला रात्री तीन वाजताही फोन करायचा. आणि चौथा भाग, त्यातल्या लग्नानंतरच्या जखमा आणि ते बाळंतपण, तेराव्या वर्षी नको. लपवू नकोस, तिला सांगूनच ठेव की हा दोन वर्षांनी. ती चोरून वाचेलच, पण तुझं मत काय हे तिला माहीत असेल.

नवरा हसतो म्हणतेस. त्याचं काय करायचं? काही नाही. रात्री दीडपर्यंत सामने बघतो तेव्हा तूही हस.

आता त्या पेन्सिलीच्या पानांबद्दल. खरं तर पत्रात मला सगळ्यात जास्त तेच आवडलं, आणि तू ते उद्गारचिन्ह देऊन निसटतं सांगितलंयस. ती छपाईची चूक नव्हती, बाय. नक्कल करणाऱ्याने इमानाने नक्कल केली होती. मूळ पुस्तकातही ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी चार पानं नुसत्या नावांची आहेत. एडवर्ड गेला, आणि चार महिने त्या मुलीच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही उरलंच नाही, असं लेखिकेला म्हणायचंय. जगभरच्या मुलींनी ती पानं उलटली आणि रडल्या. काहींना ती पुस्तकातली सर्वांत सुंदर पानं वाटतात, आणि दुःख कसं रिकामं असतं ते दाखवण्याची युक्ती म्हणून ती आहेतही.

तू रडली नाहीस. तुला वाटलं, असं कसं होईल? चार महिन्यांत हिने काहीच कसं केलं नाही? छापायचं राहिलं असणार. मग तू बसून तिला सिएटलच्या बसमध्ये बसवलंस, वाचनालयाचं कार्ड काढून दिलंस, बापाला चूल शिकवायला लावलंस, आईकडे उन्हात नेऊन बसवलंस. एडवर्डचं नाव त्या तीन पानांत कुठे आहे? तू पत्रात जेवढं उतरवलंयस त्यात तरी मला दिसलं नाही. आणि ही मुलगी बावळट होती, पुस्तकाने फसवली गेली, असं तू मला दोन पानं पटवून देत होतीस.

ते पुस्तक फेकू नकोस. भाचीला दुसऱ्या भागाची हीच प्रत दे, नवी विकत आणू नकोस. मात्र देण्याआधी त्या पानांचा फोटो काढून ठेव, पंधरा वर्षं ट्रंकेत राहिलेली पेन्सिल आता हात लागला की पुसेल.

आणि एक राहिलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तू कळवलंस. जानेवारीच्या पानावर काय लिहिलं होतंस?